आयोना प्रूएटचा डावा कान

आयोना प्रूएटच्या डाव्या कानाला पाळी नव्हती. आमच्या गावात कुणी नवखा आला, पाहुणा असो की विम्याचा एजंट, त्याला पहिल्यांदा तो कान दाखवला जायचा. कोपऱ्यावरच्या खानावळीत आयोना सकाळी सातला येऊन खिडकीजवळच्या तिच्या ठरलेल्या जागेवर बसायची आणि तिच्या कॉफीचे पैसे कुणी घेत नसे. मग कुणीतरी पाहुण्याच्या कानाशी लागून म्हणायचं, त्या बाईंचा डावा कान बघा. टर्क मॅबरीची गोळी चाटून गेलेला कान आहे तो. वीस पावलांवरून. आणि बाई जागची हलली नव्हती.

आयोना त्या बाजूचे केस मुद्दाम वर बांधायची.

मी ह्याच गावची. बाप शिशाच्या खाणीत होता, खोकत मेला. माझी शाळा नववीत सुटली. कायद्याची जी चार अक्षरं मला कळतात ती वाचनालयात बसून, एकेक शब्द शोधून कळलेली आहेत. खाणी बंद पडल्या, कंपनी निघून गेली, मागे राहिले राखाडी खडीचे डोंगर, खालून पोकळ झालेली जमीन आणि पोरांच्या रक्तात उतरलेलं शिसं. त्यावरून मी तेव्हापासून भांडतेय. ओक्लाहोमाच्या ह्या कोपऱ्यात भांडखोर बाई कुणाला आवडत नाही, आणि मला कुणाला आवडायचंही नाही. आयोनाला मात्र मी चालायचे. माझ्या पिकअपमधून ती चर्चला यायची, दवाखान्यात यायची, आणि वाटेत माझे जाहीरनामे वाचून शुद्धलेखनाच्या चुका काढायची. कानाबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

गावाला माहीत होतं ते एवढं. आयोना खाणकामगाराची पोर. अडतीस साली, एकोणिसाव्या वर्षी, टर्क मॅबरीचा खेळ गावात आला तेव्हा ती त्याच्याबरोबर निघून गेली. मॅबरी म्हणजे त्या काळी मोठं नाव. हवेत फेकलेलं नाणं उडवायचा, पाठमोरा उभा राहून आरशात बघून बाटली फोडायचा. शेवटचा खेळ माणसासमोरचा. आयोना काळ्या फळ्यांच्या भिंतीसमोर उभी राहायची, कानाच्या रेषेत खडूचा तुकडा धरायची, मॅबरी वीस पावलांवरून रिव्हॉल्व्हर उचलायचा आणि खडूचे दोन तुकडे व्हायचे. पंधरा वर्षं, बारा राज्यं, आठवड्याला चार खेळ. त्रेपन्न साली मॅबरी अंथरुणात मेला, आयोना गावात परत आली, लग्न केलं, नवऱ्याला पुरलं, मुलीला पुरलं आणि मुलीची मुलगी वाढवली. तिचं नाव ट्रेसा.

सत्त्याण्णवच्या वसंतात वेन्डल क्राउचनं ते रिव्हॉल्व्हर गावात आणलं.

वेन्डलबद्दल वाईट लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण तो वाईट माणूस नव्हता. गुराढोरांच्या खाद्याचं दुकान, चर्चमध्ये मान, आणि जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीत तीनदा राज्यात पहिला. टल्साच्या लिलावात मॅबरीचं रिव्हॉल्व्हर निघालं तेव्हा त्यानं नदीकाठची चाळीस एकर विकून ते घेतलं. बायको महिनाभर बोलली नाही. अक्रोडाच्या लाकडाच्या पेटीत, निळ्या मखमलीवर ठेवलेलं ते रिव्हॉल्व्हर त्यानं खानावळीत आणलं, हातात पांढरे सुती मोजे घातले आणि पेटी उघडली. सगळी खानावळ उठून भोवती उभी राहिली. न्याहारीच्या पावासारख्या मऊ बिस्किटांवरची ग्रेव्ही गार होऊन तिच्यावर साय धरली तरी कुणी जागेवर गेलं नाही.

हॉइट नावाचा आमचा म्हातारा वेल्डर आहे. त्यानं गोळ्यांचं चक्र फिरवून बघू का विचारलं. वेन्डल म्हणाला, हात लावू नकोस, चक्र फिरलं की त्यावर रेघ उठते. मग चालते तरी का ते कसं कळणार, हॉइटनं विचारलं. वेन्डलनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू चर्चमध्ये कुणी थुंकलं. संग्राहकांचा धर्मच तो. मॅबरी मेल्यापासून त्यातून एकही गोळी सुटलेली नव्हती आणि त्यातच त्याचं मोल होतं. गोळी झाडून बघणं दूर, पुसायचं तेलसुद्धा ठरावीक.

हॉइट वाकून बघत होता. वेल्डरची नजर. तो म्हणाला, "वेन्डल, नळीच्या टोकावरची ती नेम धरायची पाती उजवीकडे झुकलीय रे जराशी."

"तशीच राहणार ती," वेन्डल म्हणाला. "मॅबरीच्या हातातून जशी आली तशी. सरळ करायला जाणाऱ्याचे मी हात तोडीन."

लोक हसले. मी आयोनाकडे बघत होते. ती जागेवरून उठली नव्हती. तिनं कप बशीत ठेवला.

"झाकून ठेव ते, वेन्डल," ती म्हणाली. बस, एवढंच.

दर जूनमध्ये आमच्याकडे मॅबरीच्या नावानं उत्सव असतो. मिरवणूक, गोड सारणाची पाई खाण्याची शर्यत, ट्रॅक्टर. त्या वर्षी वेन्डलच्या डोक्यात आलं की मॅबरीचा शेवटचा खेळ त्याच रिव्हॉल्व्हरनं पुन्हा करायचा. एकच गोळी. चव्वेचाळीस वर्षांनी सुटलेली पहिली आणि शेवटची. कॅन्सस सिटीहून दोन नावाजलेले संग्राहक साक्षीला येणार, टल्साचे टीव्हीवाले येणार, आणि आयोना सहीनिशी लिहून देणार की खेळ हुबेहूब असाच व्हायचा. समोर खडू धरून उभी राहणार ट्रेसा. एकोणीस वर्षांची, आजीइतकीच ताठ.

कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे लिहायलाच हवं. ट्रेसानं स्वतः मागून घेतलं. बँकेच्या भिंतीवर मॅबरीच्या खेळाचं रंगीत पोस्टर लावलेलं आहे. त्यात तरुण आयोना पांढऱ्या झग्यात, हनुवटी वर, डाव्या हातात खडू. त्या पोस्टरखाली ती पोर वाढली होती.

चर्चच्या तळघरात समितीची बैठक झाली. प्रत्येकीनं घरून एकेक पदार्थ आणलेला, मध्ये पिकानच्या दाण्यांची गोड पाई. मी उठून विचारलं, माणूस कशाला हवा? भोपळा ठेवा, कलिंगड ठेवा. समितीचे अध्यक्ष म्हणाले, बाई, धुळीत विष, पाण्यात विष, आता खडूतही निघालं का? सगळे हसले. मी टेबलावर हात आपटला, ताटं हलली. शेरीफ म्हणाला, खाजगी जागा आहे, मुलगी सज्ञान आहे, आणि वेन्डलचा नेम चुकल्याचं कुणी पाहिलंय का? कुणी पाहिलं नव्हतं. महिनाभर तो स्वतःच्या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरनं दोरीला टांगलेले खडू फोडत होता. शंभरात शंभर.

मॅबरीचं रिव्हॉल्व्हर आधी एकदा झाडून बघ, असं हॉइटनं सुचवलं. वेन्डल म्हणाला, मग स्टेजवरची ती पहिली गोळी कशी राहील?

तेवढ्यात आयोना उठली. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद देणार.

"खडू उजव्या हातात धरू दे तिला," ती म्हणाली.

"पण मिस आयोना, पोस्टरवर डावा आहे," वेन्डल अदबीनं म्हणाला.

"पोस्टर रंगवणाऱ्याला त्या बाजूला टर्कचं नाव लिहायला जागा हवी होती. म्हणून त्यानं हात बदलला. मी तिथं होते, वेन्डल."

वेन्डल हसला. प्रेमानं हसला, तेच वाईट. "तुमचा कानच सांगतोय ना डावा म्हणून."

टाळ्या पडल्या. आयोना उभीच होती. तिचा हात कानाकडे गेला आणि मध्येच थांबला. मग ती बसली. घरी सोडताना मी विचारलं, हाताचं काय एवढं? ती पिशवी उचलून उतरायला लागली. उतरताना दार लावायला विसरली.

पुढच्या आठवड्यात तिनं ट्रेसाला तीनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरात होते. ट्रेसा आरशासमोर उभी, डाव्या हातात खडू, डोक्यावर खेळासाठी घेतलेली पांढरी हॅट.

"बघ आजी, पापणी तरी हलते का?"

"उजव्या हातात धर. आणि नाही तर जाऊच नकोस."

"का पण?"

आयोनानं भेंडीची कढई चुलीवर ठेवली.

"तू जळतेस आजी," पोर म्हणाली, हसतच. "साठ वर्षं तूच एकटी शूर होतीस. आता मला होऊ दे की."

आयोनानं तिच्याकडे पाठ केली आणि भेंडी तळत राहिली. भेंडी करपली, घर धुरानं भरलं, तरी ती चमचा हलवत होती.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला, ये म्हणून. उत्सव शनिवारी. गेले तर टेबलावर शाळेतल्या खडूंची पेटी. ट्रेसा कामावर होती. आयोनानं एक खडू घेतला, मध्यावर नखानं बारीक खाच पाडली, अंगठा आणि दोन बोटांत धरला आणि कानाजवळ नेला. मला म्हणाली, टेबलावर थाप मार. मी मारली. त्याच क्षणी खडूचा वरचा तुकडा उडून चुलीपाशी पडला. तिचा हात हललेला मला दिसला नव्हता. फक्त अंगठा जरा वाकलेला होता.

मला कळायला वेळ लागला.

पहिल्या महायुद्धानंतरच टर्कचा हात थरथरायला लागला होता, ती म्हणाली. दारू होतीच. नाणी, बाटल्या ह्यांत तो छर्रे भरलेली काडतुसं वापरायचा, ते सगळेच वापरतात, लोकांना कळत नाही. पण माणसासमोर खरी गोळीच हवी, मागच्या फळीत भोक दिसावं लागतं. आणि गावोगावचे शेरीफ, वार्ताहर त्याच्या खांद्यामागे उभे राहून नळीवरून डोळा लावायचे, खडूवरच नेम आहे ना बघायला. तेव्हा नेम खडूवर दिसला पाहिजे आणि गोळी खडूला लागता कामा नये, माणसाला तर नाहीच नाही.

"जॉपलिनला एक बंदूकवाला होता," आयोना म्हणाली. "पहिल्याच वर्षी, अडतीस साली, त्याच्याकडून मी नळी केसभर फिरवून घेतली. पाती उजवीकडे झुकली. आता ते वीस पावलांवरून अर्धी वीत डावीकडे मारतं. बघणाऱ्याच्या डावीकडे. म्हणजे मी खडू उजव्या हातात धरला की गोळी माझ्यापासून लांब जाते, फळीत बसते. खडू फोडतो तो माझा अंगठा."

"मॅबरीनं करवून घेतली," मी म्हणाले.

"टर्कला असलं सुचत नव्हतं. माझी युक्ती होती ती." तिच्या आवाजात अभिमान होता आणि तिलाही तो ऐकू आला.

"आणि डाव्या हातात धरला तर?"

तिनं कानावरून बोट फिरवलं. विचिटा शहरातला खेळ. सकाळी कढईतली गरम चरबी उडून उजवा तळहात भाजलेला, पट्टी बांधलेली, अंगठा वाकेना. तिनं खडू डाव्या हातात धरला. रोजचंच काम, डोक्यात आलंच नाही. टर्कच्याही नाही. नशीब की त्या दिवशी टर्कचा हात उजवीकडे लवंडला, नाही तर कान राहिला असता आणि डोकं गेलं असतं. झग्यावर रक्त सांडलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तिकिटाची रांग दुप्पट झाली.

"वेन्डलचा हात थरथरत नाही," ती म्हणाली.

तो महिनाभर शंभरात शंभर खडू फोडत होता. जितका नेम पक्का, तितकं ट्रेसाचं डोकं नक्की.

मी उठले, चल म्हणाले, आत्ताच्या आत्ता सांगू. ती बसूनच राहिली. म्हणाली, आमच्या धंद्यात खेळ कसा होतो ते सांगत नाहीत. मेलेल्यांचंही झाकायचं असतं. मग म्हणाली, दुसराही रस्ता आहे. पोरीला अंगठा शिकवते, डोळे गाळून विनवते, उजव्या हाताला तयार करते. पोर वाचेल, टर्क वाचेल, मीही वाचेन. कान आहे तसा राहील.

लिहायला लाज वाटते, पण मी म्हणाले, मग शिकव की. कंपन्यांनी काय काय झाकलं म्हणून पंचवीस वर्षं बोंबलणारी मी, पण त्या स्वयंपाकघरात मला तेच सुचलं.

"सगळं माहीत असून हात मीसुद्धा एकदा बदललाच होता," आयोना म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता जत्रेच्या मैदानावर तालीम होती. गोळीविना, फक्त उभं राहायची. काळ्या फळ्यांची भिंत उभी केलेली. कॅन्सस सिटीचे दोघं आलेले, एक उंच, एक जाडा, दोघांच्या हातात पांढरे मोजे. ट्रेसा, हॉइट, शेरीफ, समितीचे पाच-सहा. हवा पडलेली होती, खडीच्या डोंगरावरची धूळ जागच्या जागी तरंगत होती. आयोना पिकअपमधून उतरली आणि सरळ वेन्डलसमोर जाऊन उभी राहिली. गोलमोल काही बोलली नाही. जॉपलिन, नळी, अंगठा, विचिटा, सगळं चार वाक्यांत सांगितलं.

मग अध्यक्ष म्हणाले, मिस आयोना, उन्हात बसू नका. कुणीतरी खुर्ची आणली. वेन्डलचा चेहरा तापत गेला, आणि तो अविश्वासानं नव्हे, रागानं तापत होता. चाळीस एकर, बायकोचा अबोला, लहानपणापासूनचा देव.

"तुम्ही म्हणताय, टर्क मॅबरीनं खडू कधी फोडलाच नाही?"

"एकदाही नाही, बाळा."

"आजी, पुरे," ट्रेसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला अडवायला एवढं खोटं? स्वतःच्याच नावावर थुंकतेस?"

"खडू खिळ्याला लाव," आयोना वेन्डलला म्हणाली. "आणि गोळी झाड."

कॅन्सस सिटीचा उंच मध्ये पडला. उद्याच्या आधी गोळी सुटली तर कागदाला अर्थ राहणार नाही, मोल उतरेल. जाड्यानं मान डोलावली. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या छातीला बोट लावून विचारलं, पोरीच्या कवटीचं मोल तुझ्या कुठल्या वहीत लिहिलंय ते दाखव. शेरीफनं माझा दंड धरला. मी झिडकारला.

हॉइट तोवर हळूहळू भिंतीपाशी चालत गेला होता. त्यानं ट्रेसाच्या उंचीचा एक खांब फळीला टेकवून उभा केला, परत आला, काही न विचारता ट्रेसाच्या डोक्यावरची पांढरी हॅट काढली, नेऊन खांबावर ठेवली. मग ट्रेसा जिथं हात धरते तिथं, पोस्टरवरच्यासारखा, खिळ्याला खडू बांधला. वेन्डलकडे वळून म्हणाला, "म्हातारी खोटी असेल तर हॅटला काही होत नाही. आणि खरी असली तरी तुझं एक काडतूसच जाईल."

वेन्डलनं मोजे काढले. ते मी पहिल्यांदाच बघत होते, त्याचे उघडे हात त्या रिव्हॉल्व्हरवर. त्यानं काडतूस भरलं, वीस पावलं मोजली, वळला. घोडा मागे ओढल्याचा आवाज सगळ्या मैदानावर ऐकू आला. आयोना खुर्चीत बसली नव्हती. ती ट्रेसाच्या बाजूला उभी होती आणि तिनं पोरीचं मनगट धरलं होतं, जणू पोर धावत जाऊन त्या हॅटखाली उभी राहील.

आवाज झाला. धूर सरला. खिळ्यावरचा खडू अखंड होता.

हॅट खांबावरच होती, थोडी तिरपी झालेली. वेन्डल चालत गेला, आम्ही मागून. पुढच्या बाजूला, कपाळ असतं तिथं, हॅटला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मागच्या लाकडात गोळी रुतलेली. वेन्डलनं भोकात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग खांबाला धरून खाली बसला. बायको गाडी घेऊन आली आणि त्याला घरी घेऊन गेली.

ट्रेसा रडली नाही. हॅटकडे बघत उभी राहिली. मग तिनं आजीला विचारलं, "आणि तू पंधरा वर्षं माझ्याएवढीसुद्धा शूर नव्हतीस?"

आयोना म्हणाली, नाही.

ती जिवंत आहे, ट्रेसा. लिटल रॉकला असते, दोन मुलं आहेत. आजीशी ती पुढे सहा महिने बोलली नाही. तिचा राग मला कळतो. पोस्टरखाली वाढलेल्या पोराला पोस्टर फाडून दाखवलं की ते आधी फाडणाऱ्याचा हात चावतं. गावानं तेवढंसुद्धा केलं नाही, गावानं फक्त पाठ फिरवली. मिरवणुकीत दरवर्षी ती बसायची ती मोटार रद्द झाली. खानावळीत सातची जागा राहिली, पण पहिल्याच सोमवारी तिच्यापुढे कॉफीचं बिल आलं. तिनं नाणी मोजून ठेवली, वर टीपही. कान दाखवायचं लोकांनी सोडलं. आयोनानं केस वर बांधायचं सोडलं.

वेन्डलनं ते रिव्हॉल्व्हर विकायला काढलं. मी त्याला म्हणाले, वितळवून टाक. तो म्हणाला, वितळवायला हात होत नाही. पण आयोनाला त्यानं एक गोष्ट करू दिली. पेटीत ठेवायला तिनं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं: हे रिव्हॉल्व्हर अर्धी वीत डावीकडे मारतं. ते मी तसं करवून घेतलं. ह्याच्यासमोर माणूस उभा करू नका. खाली सही, तारीख, आणि नोटरीचा शिक्का, कारण मी म्हटलं शिक्का हवाच.

कॅन्सस सिटीच्या उंच माणसानंच ते पुढे विकलं. हॅटसकट. पत्रामुळे त्याला वेन्डलनं दिली होती त्याच्या तिप्पट किंमत आली, कारण खोटं बोलणारं रिव्हॉल्व्हर जगात दुसरं नव्हतं. घेणारा नेवाडातला. डिसेंबरात त्याचा आयोनाला फोन आला. गोड आवाज, फार अदब. पत्र त्यानं काचेत मढवून भिंतीला लावलं होतं. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की खडूला खाच किती खोल पाडायची. त्याच्याकडे एक मुलगी होती, तयार होती, हुशार होती, म्हणाला.

आयोनानं विचारलं, ती कुठल्या हातानं लिहिते?

तो हसला. ते नाही माहीत, म्हणाला, विचारीन.

तिनं फोन ठेवला आणि मला बोलावलं. आम्ही दोघींनी बसून त्या भागातल्या शेरीफला पत्र लिहिलं. ती सांगत होती, मी लिहीत होते, आणि माझ्या चुका तिनं काढल्या. उत्तर आलं नाही. जानेवारीत दुसरं लिहिलं. फेब्रुवारीत ट्रेसा आली, आजारी आजीच्या उशाशी बसली, आणि तिसरं पत्र तिनं लिहिलं. मार्चमध्ये आयोना गेली.

तेव्हापासून दरवर्षी मी एक पत्र टाकते. शेरीफ बदलले, दोनदा. तो माणूस कुठे राहतो मला माहीत आहे, मुलीचं नाव माहीत नाही. मागच्या पत्रात मी फक्त तिचं नाव विचारलंय.